‘अ’ छापलाच नाही

६ जानेवारी

इन्सुलिनच्या दोन बाटल्या. सिरिंजमध्ये आधी स्वच्छ ओढायचं, मग ढगाळ. आधी स्वच्छ, मग ढगाळ! मागच्या परीक्षेत नेमकं हेच उलटं करून आले होते. वर बाहेर येऊन छातीठोकपणे म्हटलं होतं, हा तर अगदी सोपा होता!

ही तिसरी खेप. शेवटची. आता लायसन्सची परीक्षा नापास झाले तर नर्सिंगचं शेवटचं वर्ष पुन्हा पहिल्यापासून करायचं. वॉर्डातली तात्पुरती नोकरीही जाणार. आज इन्चार्ज सिस्टरनी सरळच सांगितलं, "लायसन्स आणलंस की तुझी जागा पक्की. नाही आणलंस तर माझा नाइलाज आहे, बाई." त्या ‘बाई’ म्हणाल्या म्हणजे गोड बोलल्या असं समजायचं.

घरी येऊन भांडी आपटत होते. बाबा बाहेर आले. बाबा म्हणजे यांचे वडील, पण ‘सासरे’ हा शब्द त्यांना लावायला माझी जीभ कधी वळलीच नाही. म्हणाले, "भांड्यांनी काय केलंय तुझं? ते जाडं पुस्तक दे इकडे. तू घास, मी विचारतो."

८ जानेवारी

आमची जोडी झकास जमली! मी ओट्यापाशी, हात साबणात, पाठ त्यांच्याकडे. ते टेबलाशी, चष्मा नाकावर, कानामागे लाल पेन्सिल. प्रश्न वाचतात, चारही पर्याय वाचतात. मी उत्तर दिलं की पुस्तकाच्या शेवटी उत्तरांचं कोष्टक आहे ते बघतात आणि जजसारखं ठणकावतात — "बरोबर!" नाहीतर "चूक!"

लाल पेन्सिल कशाला? तर सवय! सगळा जन्म छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेला. अजून पेपर वाचतानाही पेन्सिल लागते. "माझ्या नजरेतून कधी वेलांटी सुटली नाही" हे आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागतं. पण खरंच आहे ते. माझ्यावर माझा जेवढा विश्वास नाही तेवढा त्यांच्या नजरेवर आहे.

आज पोटॅशियम. थेट शिरेत कधीही ढकलायचं नाही, पातळ करून सावकाश सोडायचं. "नाहीतर?" बाबांनी विचारलं. नाहीतर हृदय बंद पडतं. "एवढासा क्षार आणि केवढा त्याचा तोरा!" म्हणाले, आणि पुस्तकातल्या ‘हृदया’चा ऋकार चुकलाय म्हणून तो दुरुस्त करत बसले.

१० जानेवारी

क्लास. आमच्या मॅडमचं नाव सगळ्यांनी ‘पहिलं-काय’ ठेवलंय. काहीही विचारा, त्यांचा उलटा प्रश्न तयार — "ते सगळं ठीक, पण पहिलं काय?"

आज म्हणाल्या, रक्त चढवताना पेशंटला हुडहुडी भरली, पाठ दुखायला लागली. पहिलं काय? माझ्या शेजारी मिठू बसते. पोपटासारखं धडाधड पाठ म्हणते म्हणून मिठू. ती म्हणाली, "डॉक्टरांना कळवायचं!" मॅडम म्हणाल्या, "आणि डॉक्टर येईपर्यंत ते रक्त तसंच आत जाऊ द्यायचं? आधी रक्त बंद कर!"

मला येत होतं. पण हात वर केला नाही. दोनदा नापास झालेल्या बाईचा हात आपोआप जड होतो.

१३ जानेवारी

सकाळी बाबांचा तोल गेला. कप हातातून निसटला, चहा सगळा लेंग्यावर. "डोकं जरा जड झालंय" म्हणाले. बीपी घेतलं, थोडं जास्त होतं. बोलणं स्वच्छ, तोंड वाकडं नाही, दोन्ही हात वर करून दाखवले. हे म्हणाले, "झोप झाली नसेल त्यांची." दुपारी स्वतःच हाक मारली, "परीक्षार्थी! चला, पुस्तक आणा." म्हटलं, सुटलो.

१५ जानेवारी

शंभरावा प्रश्न ओलांडला आणि माझं सगळं बिनसलं. चूक! चूक! एक बरोबर, लगेच दोन चूक. पुस्तकवाल्यांनी अवघड प्रश्न पुढे रचलेत की काय? बाबाही वाचताना अडखळतात. वाक्य मधूनच सुरू करतात. मी म्हणते, "पहिल्यापासून वाचा ना!" तर म्हणतात, "पहिल्यापासूनच वाचतोय." मग मीच अंदाजाने प्रश्न पुरा करते.

१७ जानेवारी

आज तर कहरच. लिव्हरमधून सुईने तुकडा काढला की पेशंटला कसं झोपवायचं? मी पर्याय न ऐकताच म्हटलं, "उजव्या कुशीवर!"

"तसं काही नाहीच इथे," बाबा म्हणाले. "दोनच आहेत. ब, डाव्या कुशीवर. ड, पोटावर."

"अ आणि क?"

"अ छापलाच नाही. क पण नाही. कालपासून बघतोय मी, बऱ्याच ठिकाणी गळालेत. प्रूफ कोणी वाचलंय या पुस्तकाचं? मी असतो तर मालकाच्या तोंडावर फेकलं असतं!"

स्वस्तातली आवृत्ती आहे, आणखी काय होणार. दोनातलंच निवडायचं तर मग डावी कूस. बाबांनी मागे बघितलं — "ब. बरोबर!"

म्हणजे इतकी वर्षं मी चुकीचं धरून बसले होते? फ्रिजवर माझ्या चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत, पाठ करायच्या गोष्टींच्या. त्यातली ‘उजवी कूस’ फाडली आणि ‘डावी कूस’ लावली. अशा आणखी चार-पाच बदलल्या. मागच्या दोन्ही वेळी का नापास झाले ते आता कळतंय मला.

१९ जानेवारी

डोक्याची चाळण झालीये. काही राहतच नाही.

२१ जानेवारी

क्लासमध्ये सराव परीक्षा. मला मिठूपेक्षा जास्त मार्क! पहिलं-काय मॅडम म्हणाल्या, "या वेळी तू सुटलीस बघ." मिठूने पाठीत गुद्दा घातला.

मी मात्र घाबरले. घरी बाबांपुढे धड निम्मंही बरोबर येत नाही. मग हे मार्क कुठून आले? मॅडमनी सोपा पेपर काढला असणार, धीर यावा म्हणून. मिठूला म्हटलं तसं, तर ती म्हणाली, "तू घरी अभ्यास बंद कर, माझ्याकडे येत जा. तुझे बाबा तुला खच्ची करतायत." संताप आला मला. बाबांना बोलायचं काम नाही! त्या माणसाने कधी एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही.

२३ जानेवारी

बाबा हल्ली अर्धं ताट तसंच ठेवून उठतात. उजवीकडचं चाटूनपुसून, डावीकडची भाजी, भात जसाच्या तसा. म्हटलं, "भाजी आवडली नाही का?" तर म्हणाले, "कुठली भाजी?" म्हातारपणी माणसं नाटकी होतात!

डाव्या खांद्यावर काळंनिळं झालंय. दाराला धडकतात. "दार अरुंद आहे" म्हणे. दार काल अरुंद झालं का? हे म्हणाले, "चष्म्याचा नंबर वाढला असेल, पुढच्या महिन्यात बघू."

आजच्या प्रश्नांत एक मस्त आला. मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आलेला पेशंट. त्याच्यासाठी जगाची डावी बाजू असतच नाही. डोळे चांगले, पण मेंदू तिकडे बघतच नाही. आणि आपल्याला काही झालंय याचाच त्याला पत्ता नसतो. मी घडाघडा सांगितलं. बाबा खूश झाले — "बरोबर!" चिठ्ठी लिहून फ्रिजवर लावली. निदान एक तरी आलं.

२४ जानेवारी

आज मी त्यांच्यावर ओरडले. तिसऱ्यांदा वाक्य मधूनच वाचलं तेव्हा ताट आपटलं आणि म्हटलं, "तुमच्याकडून होत नसेल तर राहू दे!"

चष्मा काढून पुसत बसले बराच वेळ. मग म्हणाले, "माझं वाचणं चुकत नाही गं. आजवर नाही चुकलं." आवाज इतका लहान होता त्यांचा. मी माफी मागितली नाही. मागायला हवी होती.

२७ जानेवारी

क्रमाने लिहिते, नाहीतर लिहिणंच होणार नाही.

सकाळी वॉर्डात एका काकांच्या लिव्हरचा तुकडा काढला. सिस्टर म्हणाल्या, "यांना नीट कुशीवर कर." मी त्यांना डावीकडे वळवायला लागले. अगदी ठाम! सिस्टरनी माझं मनगट धरलं.

"लिव्हर कुठे असतं?"

"उजवीकडे."

"सुई कुठे टोचली?"

"उजवीकडे."

"मग दाब कुठे पडायला हवा? आतून रक्त वाहू द्यायचंय का यांचं?"

काका बिचारे आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघत होते. सिस्टरनी स्वतः त्यांना उजव्या कुशीवर केलं आणि मला बाहेर नेलं. "हे तुला आल्या दिवसापासून येत होतं. काय चाललंय तुझं? पुन्हा असं झालं तर मी तुझ्या परीक्षेची वाट बघायची नाही."

ते पुस्तक फाडूनच टाकायचं अशी तणतणत घरी आले. एकशे अठरावा प्रश्न काढला. आणि समोर, काळ्या ठळक अक्षरात — अ) उजव्या कुशीवर. त्याच्या शेजारी ब. खाली क, त्याच्या शेजारी ड. चारही होते! मागचं कोष्टक बघितलं. ११८ — अ. ब आहे ते अठराव्या प्रश्नाचं उत्तर. एकशे अठरातला डावीकडचा एक त्यांनी वाचलाच नव्हता.

पानाच्या उजव्या समासात लाल पेन्सिलने, त्यांच्या सुरेख अक्षरात: ‘अ, क गळाले. पाहावे.’ पान उलटलं. ‘अ, क गळाले.’ पुढचं पान. ‘गळाले.’ शंभराव्या प्रश्नापासून पुढे प्रत्येक पानावर.

आधी राग आला, खरं सांगते. वाटलं, माझी चेष्टा करतात! ओरडून हाक मारली. बाबा आले, येताना डावा खांदा दाराला घासून. बसवलं. "वाचा."

"ब, डाव्या कुशीवर. ड, पोटावर."

"आणि हे?" मी ‘अ’वर बोट ठेवलं.

"कुठे?"

"माझं बोट बघा ना, बाबा!"

ते बोट शोधत होते. पानाच्या उजव्या अर्ध्या भागात. टेबलावर, पाण्याच्या पेल्यापाशी. इतक्या प्रामाणिकपणे शोधत होते! मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. उजवा गाल गुळगुळीत. डाव्या गालावर पांढरी खुंटं, कितीतरी दिवसांची. रोज समोर बसून जेवणारी मी, मला ती दिसली नव्हती.

दुपारचं ताट तसंच पडलं होतं, अर्धं. मी ते गोल फिरवून उरलेलं त्यांच्या उजवीकडे आणलं. बाबा दचकले. "परत वाढलंस? पोट भरलंय गं माझं."

फ्रिजवर माझ्याच अक्षरात चिठ्ठी. ‘डावी बाजू असतच नाही. अर्धं ताट. पेशंटला पत्ता नसतो.’

पहिलं काय? पहिलं काय? एक अक्षर आठवेना! यांना फोन लावला आणि नुसतं म्हटलं, "गाडी घेऊन या." बाबा विचारत होते, "कोणाला बरं नाही?"

२८ जानेवारी

स्कॅन झाला. मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी. लहान आहे. पण जुनी, दोनेक आठवड्यांपूर्वीची. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मध्ये कधी चक्कर, तोल जाणं?" मी म्हटलं, तेरा तारखेला. चहा सांडला होता. यांनी वळून माझ्याकडे बघितलं.

बाईंनी बाबांना घड्याळ काढायला सांगितलं. बारापासून सहापर्यंत सगळे आकडे नीट, पुढचे उजवीकडेच एकावर एक दाटीवाटीने. डावं अर्धं घड्याळ रिकामं. मग शब्दांची पाटी दाखवली. ‘अशक्य’ — बाबा म्हणाले, "शक्य." ‘निरोगी’ — "रोगी." नि वर त्यांनाच सुनावलं, "पाटीवरच रोगी लिहिलंय तुम्ही, मग आणखी तपासायचं काय?" बाई हसल्या. मला रडू आवरेना.

"वाचायला येईल का पुन्हा?" मी विचारलं.

"काहींना येतं. काहींना नाही. आत्ता सांगता येणार नाही."

३० जानेवारी

काल हे बोलले एकदाचे. हॉस्पिटलच्या जिन्यात. "दिवसभर रोग पाठ करतेस आणि घरातला रोग दिसला नाही तुला?"

मी पण सोडलं नाही. "मुलगा तुम्ही आहात त्यांचा! चष्म्याचा नंबर कोण म्हणालं होतं?" जिन्यातून जाणारी माणसं थांबून बघायला लागली. मग हे पायरीवर बसले आणि तोंड झाकून घेतलं. मीही शेजारी बसले.

संध्याकाळी वन्संचा फोन. "घरात नर्स असून हे असं?" अजून नर्स नाही झाले, वन्सं! आणि आता होईन असंही वाटत नाही. तोंडावर आलेलं गिळलं.

पण खरं तेच आहे ना. बीपी घेतलं, हात वर करायला लावले आणि स्वतःवर खूश झाले. ताट बघितलं, गाल बघितला, खांदा बघितला, रोज बघितला! अर्धंच बघत होते मी पण.

बाबा पलंगावरून म्हणतात, "मला काही झालेलं नाही. उगाच खर्चात पडू नका. पुस्तकच रद्दड आहे ते."

३ फेब्रुवारी

बाबा घरी आले. गोळ्या चालू. थेरपिस्टबाई येतात. त्यांनी सांगितलं, सगळं डावीकडे ठेवा, हाक डावीकडून मारा, बघायला भाग पाडा. चूक झाली तर रागावू नका.

आज पुस्तक उघडलं. शंभरच्या पुढचे सगळे प्रश्न विषासारखे वाटतात. बाबांच्या ‘चूक’मुळे कुठली उत्तरं बदलली, कुठली नाही, धड आठवतच नाही. चिठ्ठ्या सगळ्या ओरबाडून काढल्या, नव्याने लिहायला बसले. हृदयासाठीची डिजिटॅलिस द्यायच्या आधी नाडी पूर्ण एक मिनिट मोजायची, साठच्या खाली असेल तर गोळी द्यायची नाही. हे बरोबर ना? बरोबरच आहे! पण डोक्यात बाबांचा ठणठणीत आवाज — "चूक!" छातीतल्या नळीची बाटली छातीच्या खाली ठेवायची. खालीच! मग ‘चूक’ का ऐकू येतं? जे येत होतं त्याच्यावरचाच विश्वास उडालाय. न येणारं शिकता येतं, पण येणारं परत कसं शिकायचं?

७ फेब्रुवारी

परीक्षेला बसायचं नाही असं ठरवलं. यांना सांगितलं. बाबांनी ऐकलं.

"का बसायचं नाही?"

"तुमचं बघायला कोण, बाबा?"

"मला काय धाड भरलीये? शर्टाची एक बाही घालायची राहते, एवढंच ना? तेवढं हा घालेल." हा म्हणजे यांच्याकडे बोट. खरं तर बाबांच्या स्वतःच्या उजवीकडच्या खुंटीकडे. "माझ्यामुळे कोणी परीक्षा बुडवली असं व्हायचं नाही. हे मी सांगतोय."

हट्टी माणूस! सुटका नाही.

१२ फेब्रुवारी

उद्या. बाबांनी हाक मारून विचारलं, "इन्सुलिन?" म्हटलं, आधी स्वच्छ, मग ढगाळ. "बरोबर!" म्हणाले. पुस्तक न बघता.

१३ फेब्रुवारी

गेली.

पहिला तास बरा गेला. मग एक प्रश्न आला, चारही पर्याय लख्ख छापलेले, आणि मला वाटलं, यातला ‘अ’ खरा आहे का? पुन्हा वाचला. पुन्हा. मग प्रत्येक प्रश्नाला तेच. उत्तर हातात यायचं आणि मी खोडायची. येत होतं ते खोडलं! शेवटचे काही तर डोळे मिटून ठोकले.

बाबांचा प्रश्नही आला. डाव्या बाजूचं भान नसलेल्या पेशंटला जेवण कसं द्याल. तो मात्र मी न खोडता लिहिला, नि हॉलमध्येच रडायला लागले. देखरेखीला बसलेल्या बाईंनी पाणी आणून दिलं. म्हणाल्या, "इतका अवघड आहे का पेपर?"

बाहेर मिठू उड्या मारत होती. पुढचं काही ऐकूच आलं नाही मला.

२२ फेब्रुवारी

थेरपिस्टबाईंनी लाल पट्टी दिलीये. पानाच्या डाव्या कडेला ठेवायची. आधी पट्टी शोधायची, मग तिथून वाचायला सुरुवात. बाबांनी आज पेपरातली एक बातमी वाचायला घेतली. प्रत्येक ओळीला पट्टी सापडेपर्यंत घाम फुटला. वाचलं ते निम्मं. मग कानामागची लाल पेन्सिल काढली आणि टेबलाच्या खणात टाकली. "आता हिचं काही काम नाही," म्हणाले. आपल्याला झालंय काय ते आज कळलं त्यांना. कळत नव्हतं तेच बरं होतं की काय!

मी जेवले नाही. हेही नाहीत.

४ मार्च

इन्चार्ज सिस्टरनी विचारलं, कसा गेला? मी खरं सांगितलं. त्या फाइल बघत म्हणाल्या, "निकाल येऊ दे." मग जाता जाता — "आणि सासऱ्यांचं?" म्हटलं, काल दोन्ही गालांची दाढी केली. पट्टी लावून मथळे वाचतात, पट्टी काढली की पुन्हा डावीकडचं गायब. परवा ‘बेपत्ता’चं ‘पत्ता’ वाचलं आणि कोणाचा पत्ता म्हणून पूर्ण बातमीभर शोधत बसले. सिस्टर हसल्या नाहीत. "वेळ लागतो गं," म्हणाल्या. ‘बाई’ नाही, ‘गं’ म्हणाल्या.

१८ मार्च

निकाल लागला. यांनी फोनवर उघडून दिला, मला बघवेना. टेबलावर पालथा ठेवला. बाबांनी उचलला. पट्टी आतल्या खोलीत होती.

"अ..." म्हणाले आणि थांबले. मग हळूच, सगळं — "अनुत्तीर्ण."

मग बाबाच घाईघाईने म्हणाले, "अगं, माझ्या वाचण्यावर काय जातेस! मी अर्धवट वाचणारा माणूस! ‘उत्तीर्ण’च असेल, तूच बघ—"

मी बघितलं. अनुत्तीर्ण. अगदी डावीकडे ‘अ’, आणि तो त्यांनी वाचला होता!

"बरोबर!" मी ओरडले. "बरोबर वाचलंत, बाबा! बरोबर!" त्यांचे हात धरून रडत होते, हसत होते, थांबताच येईना. बाबा घाबरून यांना म्हणाले, "पाणी आण रे, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला."